होतकरू खेळ-चित्रकाराची शिदोरी

गेल्या सहामाही परीक्षेनंतर पालकांच्या भेटीच्या दिवशी नववीतील एका विद्यार्थ्याचे वडील आमच्याकडे आले. त्यांच्या हातात एका खाजगी शिक्षणसंस्थेचे गुळगुळीत माहितीपत्रक होते. ते आमच्यापुढे ठेवून ते म्हणाले, "सर, पोराला व्हिडिओ गेमची चित्रे काढायला शिकायचे आहे. वर्षाची फी यात छापली आहे. तेवढा पैसा घरात नाही. पण त्याच्या आईच्या पाटल्या आहेत. त्या मोडू की नको, एवढेच सांगा."

आम्ही गणिताचे शिक्षक. या विषयात आमची गती शून्य. शिवाय आम्ही थोडे ओशाळलोही. कारण याच मुलाची चौकटीची वही आम्ही दोन महिन्यांपूर्वी जप्त करून कपाटात टाकली होती. आलेख काढण्याऐवजी तो त्या चौकटी रंगवीत बसला होता. आम्ही वडिलांकडे एका महिन्याची मुदत मागितली. नाताळच्या सुट्टीत चित्रकलेच्या शिक्षकांशी बोललो, या धंद्यात असलेल्या दोन माजी विद्यार्थ्यांना गाठले, पुस्तके चाळली, आणि संगणकापुढे बसून काही धडे स्वतः करूनही पाहिले. त्यातून जे हाती लागले ते इतर पालकांच्या व विद्यार्थ्यांच्याही उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. खेळ खेळणे निराळे आणि खेळाची चित्रे तयार करणे निराळे. गोड खाण्याची आवड असली म्हणजे हलवायाचे काम येते असे नाही. पडद्यावर जे जे दिसते, म्हणजे माणसे, जनावरे, झाडे, भिंती, दिवे, आकाश, कोपऱ्यातील लहानशी चिन्हे, ते सर्व कोणीतरी बसून घडविलेले असते. लहान खेळात हे सारे एकच माणूस करतो. मोठ्या खेळात कामाची वाटणी होते. एक जण कागदावर किंवा पडद्यावर मूळ कल्पनाचित्र काढतो. दुसरा त्यावरून घनाकृती मूर्ती तयार करतो. तिला मॉडेल म्हणतात. तिसरा तिच्यावर रंग व पोत चढवितो. त्याला टेक्श्चर हे नाव आहे. चौथा त्या मूर्तीच्या आत हाडांचा सांगाडा बसवितो, आणि पाचवा तिला चालावयास व धावावयास लावतो.

हे मॉडेल म्हणजे काय, ते समजण्यास आकाशकंदील किंवा नाताळची चांदणी आठवावी. आपण आधी काड्यांचा सांगाडा बांधतो आणि मग त्यावर रंगीत कागद चिकटवितो. संगणकातील मूर्ती अशीच असते. काड्यांच्या जागी रेषा, आणि रेषांनी वेढलेले शेकडो किंवा हजारो लहान लहान त्रिकोण. त्रिकोणच का, तर कोणतेही तीन बिंदू एकाच प्रतलात बसतात, त्यामुळे त्रिकोणाचा पृष्ठभाग कधी मुरडत नाही. हे आमच्या भूमितीच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच. आता खोक्यावर चित्र काढावयाचे झाल्यास खोके उलगडून सपाट करणे सोयीचे पडते. तद्वत या मूर्तीची कातडीही उलगडून सपाट पसरतात, तीवर रंग देतात आणि पुन्हा मूर्तीस गुंडाळतात. कंदिलास काड्या जितक्या अधिक तितका तो जड होतो. त्याचप्रमाणे त्रिकोण जितके अधिक तितके संगणकावर ओझे अधिक. म्हणून थोडक्या त्रिकोणांत आकार साधणे हे या कारागिराचे खरे कसब होय.

हे काम दूर देशीच चालते असेही नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेने २०२० साली 'राजी' हा खेळ प्रसिद्ध केला. आपल्या धाकट्या भावाला शोधण्यास निघालेल्या एका मुलीची ती कथा आहे. त्यातील वाडे व किल्ले राजस्थानच्या वास्तुशिल्पावरून घेतले आहेत, रंगांची ठेवण पहाडी चित्रशैलीची आहे, आणि मधली कथा छाया-बाहुल्यांच्या रूपाने सांगितली आहे. ज्यांनी हे केले त्यांना संगणक येत होता हे खरेच. पण त्याआधी त्यांनी जुनी चित्रे व जुन्या इमारती डोळे उघडे ठेवून पाहिल्या होत्या, हे विसरता कामा नये.

आता साधनांकडे वळू. पहिले साधन प्रत्येक घरात आहे, आणि ते आम्ही अजाणतेपणी जप्त केले होते. ते म्हणजे चौकटीची वही. १९८१ साली जपानातील निन्टेन्डो कंपनीचे तरुण चित्रकार शिगेरू मियामोतो यांना 'डाँकी काँग' या खेळासाठी एक माणूस काढावयाचा होता. त्यासाठी जागा किती, तर सोळा चौकटी रुंद व सोळा चौकटी उंच, आणि रंग मोजून दोन-तीन. एवढ्या जागेत केस नीट दिसेनात, म्हणून त्यांनी डोक्यावर टोपी घातली. तोंड काढण्यास जागा उरेना, म्हणून नाकाखाली जाड मिशी दिली. तिने नाकही उठून दिसले. हात हलताना कळावेत म्हणून सदऱ्याचा व विजारीचा रंग निरनिराळा ठेवला. हाच पुढे जगप्रसिद्ध झालेला मारिओ. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळातही अशीच काटकसर आहे. त्यातील आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे ही एकाच आकृतीची दोन रूपे आहेत. फक्त रंग बदलला आहे. अडचणीतून युक्ती निघते ती अशी.

विद्यार्थ्यांनी हा प्रयोग आजच करावा. वहीत सोळा गुणिले सोळा, म्हणजे दोनशे छप्पन्न चौकटींचा चौरस आखावा. तीन रंग घ्यावेत. अर्धी चौकट रंगविण्यास मनाई. त्यात आपली आजी, दारातले मांजर किंवा शाळेचा शिपाई काढावा आणि वही हातभर दूर धरून घरातल्यांना विचारावे, "हे कोण?" ज्याचे उत्तर लगेच बरोबर येईल त्याने पहिला धडा पुरा केला असे समजावे. ज्याचे येणार नाही त्याने कोणती चौकट खोटे बोलते ते शोधावे. या धड्यास खर्च शून्य आहे, पण तो जितका दिसतो तितका सोपा नाही. आम्ही चार वेळा करून पाहिला. आमचे मांजर चारही वेळा चहाची किटली ठरले.

दुसरे साधन म्हणजे शिकलेला डोळा व वळलेला हात. येथे आमच्या राज्यातील विद्यार्थ्यांस एक मोठी सोय आहे, आणि तिची किंमत आपण ओळखत नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांकडे पुष्कळ जण दहावीच्या वाढीव गुणांसाठीच पाहतात. वस्तुतः एलिमेंटरीतील प्रत्येक विषय या धंद्यात जसाच्या तसा उपयोगी पडतो. वस्तुचित्रात तांब्या व पेला काढण्यास शिकलेला मुलगा पुढे खेळातील पेट्या, मडकी व हत्यारे काढू शकतो. स्मरणचित्रात बाजार व पाणवठा रंगविणाऱ्यास माणसांच्या ठेवणी कळू लागतात. संकल्पचित्रातून आकृतींची मांडणी व रंगसंगती साधते. कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन कंटाळवाणे वाटते खरे. परंतु मूर्तीचे माप व पाटीवरची अक्षरे त्याच विषयात आहेत.

ज्यांस याहून पुढे जावयाचे असेल त्यांच्यासाठी उत्तम पुस्तके आहेत. अमेरिकन चित्रकार अँड्र्यू लूमिस यांचे 'फन विथ अ पेन्सिल' हे १९३९ सालचे आणि 'फिगर ड्रॉइंग फॉर ऑल इट्स वर्थ' हे १९४३ सालचे पुस्तक आजही या धंद्यातील लोक वापरतात. संगणकाचा खेळ जन्मास येण्यापूर्वीची ही पुस्तके अद्याप जुनी झाली नाहीत. कारण मनुष्यदेहाची प्रमाणे बदललेली नाहीत. उजेड व रंग यांच्यासाठी जेम्स गर्नी यांचे 'कलर अँड लाइट' हे २०१० सालचे पुस्तक, आणि हालचालीसाठी रिचर्ड विल्यम्स यांचे 'द ॲनिमेटर्स सर्व्हायव्हल किट' हे २००१ सालचे पुस्तक आमच्या चित्रकला शिक्षकांनी सुचविले आहे. ही पुस्तके इंग्रजीत आहेत. पण त्यांत शब्द थोडे व चित्रे फार, त्यामुळे नववीच्या मुलास ती अगदीच अवघड जाणार नाहीत. इंटरनेटवर 'ड्रॉ अ बॉक्स' नावाची विनामूल्य पाठमाला आहे. तीत शिकणाऱ्याकडून अडीचशे खोकी निरनिराळ्या कोनांतून काढून घेतात. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने ती सारी काढली आहेत. तो म्हणाला, "सर, शंभराव्या खोक्याला रडू आले, आणि दोनशेव्याला खोके हवे तसे वळू लागले."

पाहण्यासारख्या जागाही जवळ आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने दिवे, अडकित्ते, भांडी व कोरीव दरवाजे आहेत. खेळातील वस्तू घडविणाऱ्यास याहून चांगले पाठ्यपुस्तक कोणते? सिंधुदुर्ग जिल्ह्यात पिंगुळी येथे ठाकर समाजाने चित्रकथी व चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ जतन केला आहे. सहलीला जाल तेव्हा सोबत लहान वही व पेन्सिल न्यावी. छायाचित्र घेण्यास क्षणही पुरतो. रेखाचित्राला दहा मिनिटे लागतात, आणि त्या दहा मिनिटांतच वस्तू आपल्याला दिसू लागते.

तिसरे साधन संगणकाचे. पालकांची खरी धास्ती येथेच असते, कारण त्यांना वाटते की ही साधने फार महाग असणार. तसे नाही. घनाकृती मूर्ती घडविण्यासाठी 'ब्लेंडर' हा प्रोग्राम विनामूल्य मिळतो, आणि तो कसा विनामूल्य झाला ती कथा मुलांनी ऐकण्यासारखी आहे. हॉलंडमधील टॉन रोझेनडाल यांनी तो लिहिला. २००२ साली त्यांची कंपनी बंद पडली आणि प्रोग्रामही पेटीत बंद होण्याची वेळ आली. तेव्हा त्यांनी जगातील वापरणाऱ्यांना आवाहन केले की, एक लाख युरो जमल्यास ब्लेंडर सर्वांसाठी मोकळा करता येईल. सात आठवड्यांत ती रक्कम उभी राहिली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ब्लेंडर सर्वांचा झाला.

फुकट मिळते ते हलके असते, असा आपल्याकडे एक समज आहे. त्याचे उत्तर 'फ्लो' या चित्रपटाने दिले. लॅटव्हिया या लहान देशातील दिग्दर्शक गिन्ट्स झिलबालोडिस यांनी पुरात सापडलेल्या एका मांजराची ही शब्दावाचूनची कथा ब्लेंडरमध्ये तयार केली, आणि २०२५ साली तिला उत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. ज्या साधनाने ते मांजर घडले तेच साधन आमच्या शाळेच्या संगणकावर उतरवून घेता येते.

याच रीतीने पडद्यावर चित्र रंगविण्यास 'क्रिता', छायाचित्रे व टेक्श्चर दुरुस्त करण्यास 'गिंप', आणि सर्व मूर्ती, आवाज व नियम एकत्र जोडून प्रत्यक्ष खेळ उभा करण्यास 'गोडो' हे प्रोग्राम विनामूल्य आहेत. गोडो अर्जेंटिनातील दोघांनी रचला व २०१४ साली सर्वांस खुला केला. मात्र ब्लेंडर साध्या मोबाइलवर चालत नाही. त्यास संगणक लागतो. सुरुवातीच्या धड्यांस साधारण प्रतीचा संगणक व तीन बटणांचा माउस पुरे. रंगकामासाठी पेन टॅबलेट पुढे घ्यावा. पहिल्याच दिवशी नको.

धडे कोठे मिळतील? ब्लेंडरची अधिकृत मार्गदर्शिका विनामूल्य वाचता येते. ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू प्राइस यांची डोनट घडविण्याची चलच्चित्र-पाठमाला तर नवशिक्यांचे पहिले पुस्तकच मानली जाते. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतील अध्यापकांच्या पुढाकाराने 'डी-सोर्स' या नावाने डिझाइनविषयक पाठ सर्वांस खुले केलेले आहेत. परंतु येथे एक धोका सांगितला पाहिजे. धडा पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. पोहण्याची चलच्चित्रे कितीही पाहिली तरी विहिरीत उतरल्यावाचून पोहणे येत नाही. दहा मिनिटांचा धडा असेल तर तो जागोजागी थांबवून तासभर हाताने करावा. नंतर तो बंद करून तीच रीत दुसऱ्या वस्तूवर योजावी. डोनट झाला की घरातला कंदील, पाटा-वरवंटा, एसटी स्थानकावरील बाकडे घ्यावे. जी वस्तू आपल्या घरात आहे ती चुकली तर आईदेखील सांगू शकते; हा फायदा लहान नव्हे.

आणखी एक सावधगिरी. हल्ली वाक्य टाइप केले की चित्र काढून देणारी यंत्रे निघाली आहेत. ती असू देत. पण त्यांचे चित्र आपले म्हणून दाखविणे ही नक्कल आहे, आणि परीक्षेतील नकलेप्रमाणेच तिचे नुकसान नक्कल करणाऱ्यालाच सोसावे लागते. कारण त्याचा हात होता तेथेच राहतो.

या साधनांचा क्रम आम्ही असा सुचवितो. पहिले तीन महिने फक्त वही, पेन्सिल व चौकटी. रोज अर्धा तास. पुढचे तीन महिने खोकी, यथार्थदर्शन व मनुष्याकृती. त्यानंतर तीन महिने ब्लेंडर. आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक, फक्त एकच, लहान वस्तू आरंभापासून शेवटपर्यंत पुरी करून ती गोडोमध्ये आणून पाहावी. अर्धवट राक्षसांपेक्षा एक पुरा झालेला कंदील अधिक मोलाचा. असे पुरे झालेले काम तारीख घालून एकत्र ठेवावे. त्यास पोर्टफोलिओ म्हणतात, आणि या धंद्यात गुणपत्रिकेच्या आधी तोच पाहिला जातो, असे आमच्या दोन्ही माजी विद्यार्थ्यांनी सांगितले.

आता पालकांच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. शिक्षणसंस्था नकोतच काय? तसे आम्ही म्हणत नाही. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ पासून चित्रकार घडवीत आले आहे. अहमदाबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन १९६१ सालची, आणि आयआयटी मुंबईतील डिझाइन विभाग १९६९ सालचा. आयआयटीच्या पदवीक्रमास बारावीनंतर 'यूसीड' ही प्रवेशपरीक्षा असते, आणि कला व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसही ती देता येते. म्हणून शाळेचा अभ्यास सोडून या मार्गास लागावे असे कोणी समजू नये. मार्ग शाळेतूनच जातो. खाजगी वर्गांत पैसे भरण्यापूर्वी मात्र पालकांनी पाच प्रश्न अवश्य विचारावेत. शिकविणाऱ्यांनी स्वतः कोणत्या खेळाचे काम केले आहे? भिंतीवर लावलेली चित्रे येथल्याच विद्यार्थ्यांची आहेत काय? प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचे? मध्येच सोडल्यास फी परत मिळते काय? आणि गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन विद्यार्थ्यांशी आम्हांस बोलता येईल काय? ज्यांना उत्तरे देण्यास संकोच वाटतो त्यांना पैसे देण्यास आपणही संकोच करावा.

नोकरीची हमी कोणी देत असल्यास तीही तपासून घ्यावी. २०२३ व २०२४ या दोन वर्षांत जगातील अनेक खेळ-कंपन्यांनी हजारो माणसे कमी केली. हा धंदा चढउताराचा आहे. समाधान एवढेच की, ज्याचा हात व डोळा तयार आहे त्यास चित्रपट, जाहिरात, पाठ्यपुस्तके व वास्तुरचना येथेही काम मिळू शकते. केवळ एका प्रोग्रामची बटणे पाठ करणारा मात्र तो प्रोग्राम बदलला की अडतो.

महिन्याची मुदत संपली तेव्हा त्या विद्यार्थ्याचे वडील पुन्हा आले. आम्ही त्यांना म्हणालो, "पाटल्या मोडू नका. एक वर्ष थांबा. शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास त्याला संगणकाच्या खोलीत बसू द्यावे, अशी आम्ही मुख्याध्यापकांना विनंती केली आहे. वर्षाअखेर त्याच्याजवळ दाखवण्याजोगे काम असेल तर पुढचा विचार करू. नसेल, तर आपले काही गेले नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "सर, फी भरली नाही तर पोरगा म्हणेल, बापाने मन मोडले." त्यावर आम्ही कपाटातून ती चौकटीची वही काढून मुलाच्याच हाती दिली, आणि जप्त केल्याबद्दल दिलगिरीही सांगितली. तिच्यात एकवीस पाने भरली होती. एका पानावर हातात खडू घेतलेले एक गृहस्थ होते. पोट थोडे सुटलेले, चष्मा नाकावर घसरलेला. रंग दोनच. कोण ते विचारण्याची गरज पडली नाही.

तो मुलगा आता दर शनिवारी येतो. पहिला कंदील त्याने तीनदा मोडला आणि चौथ्यांदा पुरा केला. यंदा तो एलिमेंटरीस बसणार आहे. त्याचे बीजगणित मात्र अद्याप कच्चे आहे, आणि त्याबाबतीत आम्ही कोणतीही सवलत दिलेली नाही. ज्या विद्यार्थ्यांस या मार्गाने जावयाची इच्छा असेल त्यांनी शनिवारी वही घेऊन यावे. माहितीपत्रक आणू नये. भरलेली चार पाने आणावीत.